पंचाहत्तर सालचा मासा

माझ्या दुकानात दाढीला बसलेला माणूस थापा मारतोय की नाही, हे मला त्याच्या गळ्यावरून कळतं. वस्तरा गळ्याच्या घाटीशी असताना खोटं बोललं की घाटी वर-खाली होते. पोर्ट सैदमधल्या माणसांच्या गळ्याला हात लावण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा एवढी विद्या तर येणारच. माझ्या धाकट्या बहिणीचा, इनायतचा, नवरा वग्दी एफंदी पंचाहत्तर सालच्या माशाबद्दल बोलायचा तेव्हा त्याची घाटी जागची हलायची नाही. तरीही गावात कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि मीही माझ्या विद्येला बाजूला सारून गावाच्या बाजूने उभा राहिलो.

एफंदी, म्हणजे साहेब, ही पदवी आम्हीच दिलेली. तसा तो जकातीत कारकून होता. आमचं गाव करमुक्त झालं आणि अख्खा देश इथे कपडे घ्यायला लोटला, तेव्हा गावाबाहेर पडायच्या नाक्यावर एफंदीची बदली झाली. तिथे त्याची प्रतिभा फुलली. ऑगस्टच्या उन्हात अंगावर पाच शर्ट चढवून निघालेला माणूस "मला हिवताप आहे" म्हणाला, तर एफंदी त्याला खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि एकेक शर्ट उतरवायला लावायचा. "पिशवीत काय आहे?" असं विचारल्यावर कुणी "काही नाही" म्हणालं, की त्याचे डोळे चमकायचे. "सगळ्यात जड पिशवी 'काही नाही'चीच असते," असं तो दुकानात येऊन आम्हाला शिकवायचा. कुणी पावती दाखवली तर म्हणायचा, "पावती काय, कुणीही लिहितं." विधवेच्या उशीत हात घालून त्याने चड्ड्यांची चळत काढली होती, आणि ती हकिगत तो लढाई जिंकल्यासारखी सांगायचा. आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही अशी तक्रार जेव्हा हाच माणूस करायचा, तेव्हा गिऱ्हाइकं फेसासकट हसायची.

गरवायचं, म्हणजे गळ टाकून मासे धरायचं, वेड त्याला नोकरीच्या आधीपासूनचं. निवृत्त झाल्यावर तर पहाटेचा चहासुद्धा तो पश्चिमेच्या दगडी बांधावरच घ्यायचा. त्या बांधावर प्रत्येक गरवणाऱ्याचा आपला आपला दगड असतो. त्यावर दुसरा बसत नाही. मालक आजारी पडला तर दगड रिकामा राहतो. बांधाचा दुसरा कायदा असा की, पदरात काय पडलं ते तिथे सांगायचं नाही. टोपलीवर ओलं पोतं टाकायचं, आणि कुणी विचारलं तर तोंड पाडून म्हणायचं, "काही नाही. देणारा तो वर बसलाय." टोपली फुटायला आलेली असली तरी हेच. नाहीतर नजर लागते. लोकांच्या टोपलीवरचं पोतं उचलणं तर दूरच, त्याच्याकडे फार वेळ पाहायचंही नसतं. तेच लोक संध्याकाळी कॉफीच्या दुकानात बसले, की सकाळच्या बोटभर बोईचा हातभर मासा करतात. म्हणजे पाण्याजवळ खोटं खाली झुकतं आणि खुर्चीजवळ वर चढतं. मी गरवत नाही, म्हणून मला याची गंमत वाटते. गरवणाऱ्यांना यात काहीच वावगं दिसत नाही.

नजरेचं म्हणाल तर एफंदीच्या शेजारचाच दगड फिक्री घड्याळजीचा होता. फिक्री माणूस गोड, हात सोन्याचे, पण त्याची नजर दगड फोडणारी. त्याने तुमच्या मनगटाकडे पाहून "वा, छान चालतंय" म्हटलं की आठवड्याच्या आत ते घड्याळ दुरुस्तीला त्याच्याकडेच न्यावं लागायचं. धंदा म्हणून हे वाईट नाही. पण त्याला कुणी तोंडावर कधी काही बोललं नाही. नजरेच्या माणसाला नजरेचा म्हणणं हा आमच्याकडे असा अपमान आहे, की त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडते. त्यामुळे सगळे फिक्रीला प्रेमाने सलाम करायचे आणि आपलं पोतं नीट ओढून घ्यायचे.

आणि मग दुपारी माझ्या दुकानात एफंदीचं निसर्गावरचं प्रवचन. खुर्चीत बसला, मी टॉवेल बांधला, की सुरू.

"तुम्ही समुद्राकाठी जन्मलात," तो आरशातल्या सगळ्यांना उद्देशून म्हणायचा, "पण समुद्र पाहिलाय कुणी? उजाडायच्या आधी पाणी कसं निश्चल असतं, माहितेय? कालव्याच्या तोंडाशी जहाजांचे दिवे ओळीने उभे असतात, आणि एक खंड्या येऊन माझ्या काठीच्या टोकावर बसतो. काठी वाकत नाही, इतका हलका. मी श्वास रोखून धरतो."

"आणि मासा?" कुणीतरी विचारायचंच.

"मासा हा निसर्गाचा एक भाग झाला."

"म्हणजे आज काही मिळालं नाही."

"शरद ऋतूत लावे येतात समुद्रावरून," एफंदी ऐकलंच नाही असं दाखवून पुढे जायचा. "एवढा समुद्र ओलांडून आलेले, दमलेले. दगडावर टेकतात आणि माझ्या बुटाला टेकून झोपतात. मी तासभर पाय हलवत नाही."

"आमची इनायत सांगते, घरीही हलवत नाही," मी म्हणायचो, आणि हशा पिकायचा. खरं सांगायचं तर ते लाव्यांचं मला आवडायचं. पण न्हाव्याच्या दुकानात आवडलेल्या गोष्टीचीच जास्त टिंगल करावी लागते.

लाव्यांवरून गाडी पंचाहत्तर सालावर यायची. युद्धाच्या वर्षांत आमचं गाव उठवून आतल्या मुलखात पाठवलं होतं. आम्ही झगाझीगला एका शाळेच्या वर्गात राहायचो. परतायची परवानगी मिळाली तेव्हा एफंदी नवीन लग्न झालेल्या माझ्या बहिणीला घेऊन पहिल्या लोकांबरोबर आला. मी आईला घेऊन मागाहून बऱ्याच महिन्यांनी आलो. तेव्हा घरांना खिडक्या नव्हत्या, नळाला पाणी नव्हतं, गल्लीत माणूस नव्हतं.

"पण समुद्र," एफंदी डोळे मिटून म्हणायचा. "इतकी वर्षं त्यात ना होडी, ना जाळं. मासे माणसाला विसरून गेले होते. मी एकटा बांधावर. सकाळी गळ टाकला आणि दोरीतून मला आवाज आला. लोत मासा घुमतो, ठाऊक आहे? पोटातून घुमतो, ढोल वाजवल्यासारखा. दोरी बोटाला धरली की बोटात घुमतं. सूर्य डोक्यावर येऊन कलला तरी आमचं चाललंच होतं, त्याचं आणि माझं. शेवटी वर आला तेव्हा तोंडाच्या आत असा पिवळा, जसं आत कुणी दिवा लावलाय. माझ्या खांद्याएवढा. अठ्ठावीस किलो आणि वर पाव."

हा मासा पुढे पुढे एफंदीच्या खांद्यावरून डोक्यापर्यंत गेला, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तर तो आमच्या दुकानाच्या दारातून तिरपाच आत आला असता. वजन मात्र अठ्ठावीस किलो आणि वर पाव, ते कधी बदललं नाही. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"वजन केलं कुठे?" फिक्री विचारायचा.

"कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर."

"तो वाणी कुठाय?"

"वारला."

"किती सोयीचा वाणी," फिक्री म्हणायचा. "आणि पाहिला कुणी?"

"गावात दुसरं होतं कोण पाहायला?"

मी एकदा इनायतलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "माझ्यासमोर त्या माशाचं नाव काढू नकोस." बिचारी नवऱ्याची अब्रू झाकतेय, असं मी समजलो आणि ते दुकानात सांगितलंही.

तर असा हा मासा वर्षानुवर्षं चालला होता, आणि चालत राहिला असता. पण एफंदीच्या गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी एकदमच राजीनामा दिला. मुलगी नाहिद कैरोच्या पलीकडे वाळवंटात उभ्या राहिलेल्या नव्या वस्तीत चौथ्या मजल्यावर राहते, नवराबायको दोघं नोकरीला. तिने फर्मान काढलं, की वसंताचा सण झाला की आईबाबांनी घर बंद करून तिच्याकडे यायचं. तिथून समुद्र इतका लांब, की वाऱ्यालाही खारट वास नाही. एफंदी दुकानात येऊन बसला, टॉवेल बांधून घेतला, आणि बराच वेळ निसर्गावर एक अक्षर बोलला नाही. 

मग तो म्हणाला, "हिल्मी, जायच्या आधी मी तुम्हा लोकांना लोत खायला घालणार. सणाच्या दिवशी. माझ्या गळाने धरलेला."

"त्यापेक्षा आम्हीच तुम्हाला खारवलेली बोई खायला घालतो," मी म्हणालो. सणाला सगळे तीच खातात, वर कांद्याची पात.

"लोत घालणार," तो म्हणाला. "आणि मग तुम्ही सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं, की पंचाहत्तर सालचा मासा खरा होता. एकेकाने, नाव घेऊन."

 मग फिक्री पुढे सरसावला. "आणि नाही धरलात तर?"

"तर काय?"

"तर तो मासा पुन्हा तोंडातून काढायचा नाही. इथेही नाही आणि कैरोतही नाही. नातवंडांना झोपवतानासुद्धा नाही."

मला वाटलं एफंदी उठून जाईल. त्याच्याकडे दुसरं होतं काय? नाक्यावरच्या हकिगती ऐकून लोक त्याच्यापासून दूर सरकायचे. माशाची हकिगत ऐकून निदान हसत जवळ तरी यायचे. वाळवंटातल्या त्या चौथ्या मजल्यावर तो बरोबर काय नेणार होता, तर एवढंच. पण त्याने टॉवेलमधून हात बाहेर काढला आणि म्हणाला, "कबूल." साक्षीदार म्हणून मी आणि फिक्रीने सकाळी बांधावर जायचं ठरलं. बाजारात कुणीही मासा विकत घेतो, तेव्हा तिथे पाण्याजवळ जाऊन विचारायचं, असं फिक्रीचंच म्हणणं. त्याला सगळ्यांनी माना डोलावल्या.

सणाच्या आदल्या रात्री गल्ल्यागल्ल्यांतून पुतळे जाळायची आमची पद्धत आहे. त्यामुळे सकाळी अर्धं गाव झोपलेलं असतं आणि उरलेलं अर्धं राखेचा वास घेऊन बागेत निघालेलं असतं. मी आणि फिक्री बांधावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दगडांवर चिटपाखरू नव्हतं. एफंदी एकटा आपल्या दगडावर बसला होता, पाठ समुद्राकडे करून. गरवणाऱ्या माणसाने समुद्राकडे पाठ करून बसावं, हेच मुळात विचित्र. डोळे लाल, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, दोन्ही हात खिशात. मागे टोपली नव्हतीच. दोन दगडांच्या मधल्या खाचेत काहीतरी होतं आणि त्यावर एक सोडून दोन पोती टाकलेली होती, ओली.

"सण सुखाचा जावो, वग्दी एफंदी," फिक्री म्हणाला आणि शेजारच्या आपल्या दगडावर आरामात टेकला. पोत्यांपासून हाताच्या अंतरावर.

"तुमचाही," एफंदी म्हणाला आणि जरासा सरकून मध्ये आला.

"साक्षीदार आलेत," मी म्हणालो. "सांगा. काय मिळालं?"

एफंदीने माझ्याकडे पाहिलं. मग फिक्रीकडे पाहिलं. फिक्री प्रेमाने हसत, मान लांब करून त्याच्या खांद्यावरून मागे बघत होता. एफंदीच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. त्या वेळी मला तो हरलेल्या माणसाचा चेहरा वाटला. नजर लागली तर मासा दुपारपर्यंत नासेल, किंवा घरी जाताना जिन्यात पाय मोडेल, किंवा ज्या मुलीकडे राहायला जायचं तिचंच काही होईल. बांधावर जन्म काढलेल्या माणसाच्या डोक्यात एवढं सगळं एका झटक्यात येऊन जातं. आणि जिभेला तर एकच वाट माहीत.

"काही नाही," तो म्हणाला. "देणारा तो वर बसलाय."

"काहीच नाही?" फिक्रीने विचारलं.

"तळहाताएवढा एक आला होता. सोडून दिला."

"हिल्मी, ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हणालो. आम्ही परत फिरलो. वाटेत फिक्री म्हणाला, "बिचारा." मलाही तसंच वाटलं.

दुपारी कालवा ओलांडून पोर्ट फुआदच्या बागेत आम्ही सगळे जमलो. झाडाखाली चटया, रंगवलेली अंडी, लेट्यूस, पात, आणि खारवलेल्या बोईचा तो वास, जो आला की परके लोक पळतात आणि आम्हाला भूक लागते. तेवढ्यात एफंदी आणि इनायत आले. मागे भट्टीवाल्याचा माणूस डोक्यावर घरच्या दारापेक्षा थोडाच लहान पत्रा घेऊन. पत्रा चटईवर टेकला, एफंदीने वरचा कागद काढला.

मी खोटं का बोलू? असा मासा मी जन्मात पाहिला नाही. पाठीतून चिरून उघडलेला, वर टोमॅटो, मिरची, लसूण, जिऱ्याचा वास बागेच्या फाटकापर्यंत. डोकं पत्र्याच्या बाहेर. पोरं खेळ सोडून धावत आली.  एफंदीने कमरेवर हात ठेवले आणि आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, नाक्यावर रांगेकडे पाहायचा तसं.

"उठा," तो म्हणाला. "एकेकाने. नाव घेऊन."

"बाजारात आज गर्दी होती का?" फिक्रीने विचारलं.

"कसला बाजार? मी धरला. पहाटे. तुम्ही यायच्या आधी."

"आम्ही आलो तेव्हा काही नव्हतं. तुम्हीच म्हणालात. हिल्मी साक्षीला आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "म्हणाले तसं," मी म्हणालो. म्हणालाच होता.

"अरे, मी तसं म्हणालो, कारण तिथे..." एफंदी थांबला. त्याने फिक्रीकडे पाहिलं. फिक्री हातात अंडं सोलत, निरागस चेहऱ्याने, पुढच्या शब्दाची वाट बघत होता. चटईवर बसलेल्या प्रत्येकाला तो शब्द माहीत होता. बांधावर 'काही नाही'चा अर्थ काय असतो हे त्यातल्या गरवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण आयुष्यात त्यांनी दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. पण फिक्रीच्या तोंडावर 'तुझी नजर वाईट' म्हणायचं, तेही सणाच्या दिवशी, बायकापोरांसमोर, हे एफंदीला जमणं शक्य नव्हतं. आणि हे त्याला जमणार नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. सगळे आपापली पात चावत राहिले.

"कारण तिथे काय?" फिक्रीने विचारलं.

"काही नाही," एफंदी म्हणाला.

मग त्याला काहीतरी सुचलं. गुडघे टेकून बसला, माशाच्या घशात दोन बोटं घातली आणि चाचपून गळ बाहेर काढला. तुटलेल्या दोरीसकट. हात वर धरला.  "हा माझा गळ. गावात ही गाठ कोण मारतं? बघा. मीच मारतो."

"पावती काय, कुणीही लिहितं," मागून कुणीतरी म्हणालं.

आणि मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. पाच शर्टवाला कुणी असता तर त्यालाही तिथे न्याय मिळाला असता. मीही हसलो. एफंदी गळ हातात धरून गुडघ्यांवर तसाच बसला होता. हसणं ओसरल्यावर तो हळूच वळला आणि बायकोकडे पाहिलं.

"इनायत. तू पाहिलास. घरी आणला तेव्हा कल्ले हलत होते. तूच धुतलास. सांग यांना."

माझी बहीण झाडाला टेकून रोट्या वेगळ्या करत होती. तिने वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिला त्या माशाबद्दल चारचौघांत कुणी विचारलं नव्हतं. ती घाई न करता म्हणाली, "बाजारातून आणलाय. खा आता, गार होतोय."

खेळ संपला. एफंदी उठला, हात झटकले, आणि चटईच्या कडेला जाऊन बसला. त्याने शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. बागेत त्याने पुन्हा त्या माशाचं नाव काढलं नाही, लोत खाल्लाही नाही. आम्ही खाल्ला. फार चांगला होता. फिक्रीने दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा म्हणाला, "वा."

जेवणानंतर एफंदी हात धुवायला उभा राहिला आणि मी तांब्याने पाणी घातलं. तेव्हा मला त्याचे तळवे दिसले. दोरीने कापलेले, आडवे, खोल, एकाखाली एक. सकाळी ते खिशात होते. बाजारातल्या माशाने असे हात होत नाहीत. मी पाणी घालत राहिलो आणि तो हात चोळत राहिला. 

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. निम्मं सामान बांधून झालं होतं. एफंदी गॅलरीत समुद्राच्या दिशेने खुर्ची टाकून बसला होता. इनायत स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत होती. मी दार लोटलं आणि सरळच विचारलं.

"त्याने धरला होता ना?"

"हो."

"मग खोटं का बोललीस? एवढ्या लोकांत? त्या माणसाचं शेवटचं होतं ते."

 तिने ओट्याखालून तांब्याचं जुनं घंगाळ ओढून काढलं, त्यात परातीमागून पराती ठेवायला लागली. माझा आवाज चढला. "तुला त्याची कीव नाही आली?"

"पंचाहत्तर सालचाही खरा होता," ती म्हणाली. "खांद्याएवढाच होता. वजनही बरोबर सांगतो. मी पाहिलाय, हिल्मी. पाहिलेल्यांत आता मीच उरलेय."

 "मग इतकी वर्षं..."

"तुम्ही दुकानात हसायचात ते माझ्या कानावर यायचं. प्रत्येक वेळी वाटायचं, आज तरी त्या दिवसाचं बाकीचं सांगेल. समुद्र कसा होता, दोरी कशी घुमली, सूर्य कुठवर आला, सगळं सांगायचा. सूर्य कलला तेव्हा मला कळा सुरू होऊन अर्धा दिवस झाला होता. पहाटे निघाला तेव्हाच मी म्हटलं होतं, आज जाऊ नका. घराला खिडक्या नव्हत्या. गल्लीत कुणी नव्हतं. शेवटी तीन गल्ल्या पलीकडची एक म्हातारी ओरडणं ऐकून आली, तिने केलं सगळं. नाहिद झाली, आम्ही तिला धुवायला घेतलं, आणि हा दारात उभा, खांद्यावर मासा. अंगभर रक्त, माशाचं. हसत होता. पोरगी झाली म्हटल्यावर म्हणाला, तिच्या पायगुणाने मिळाला."

तिने एक परात गुंडाळली, पुन्हा सोडली. "वाण्याच्या काट्यावर मासा नेला. त्याचं वजन याला अजून पाठ आहे. नाहिदचं वजन कुणी केलंच नाही. आणि आता हा तिच्याच घरी जाऊन तिच्या पोरांना तीच हकिगत सांगणार होता. मला नाही ऐकायची ती तिथे. तिच्या घरात तरी नाही."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. एफंदी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं आता तो काहीतरी बाजू मांडेल. पण त्याचा चेहरा खरोखरच काहीतरी शोधणाऱ्या माणसाचा होता, आणि ते त्याला सापडत नव्हतं. तो तिच्या पुढ्यातल्या घंगाळाकडे बघत होता.

"मी आलो तेव्हा," त्याने विचारलं, "ती यात होती?"

"यातच. पाणी कोमट केलं होतं म्हातारीने."

"मग मासा कुठे ठेवला?"

"तुम्ही घंगाळ मागितलंत. म्हणालात, उन्हाने नासेल."

"मी मागितलं?"

"मागितलंत."

 कापलेले हात त्याने एकमेकांत धरले होते. मग फार हळू आवाजात विचारलं, "आणि तू दिलंस?"

"दिलं," इनायत म्हणाली. "पोरीला ओलीच उचलली आणि दिलं."